विशेष त्रास नाही

१० जून, मंगळवार

फाय परवापासून जेवत नाही. चिकट भाताचा गोळा हातात दिला की भिरकावते. सारखी आपलंच मनगट चावतेय. अकरा वर्षांची माझी पोर, पण कुठं दुखतंय ते सांगायला तोंडात एक शब्द नाही. माझ्या आईनं तिच्या हाताला मंतरलेला पांढरा दोरा बांधला. "घाबरून जीव उडालाय लेकराचा, परत बोलावू!" फायनं दोरा तोडून टाकला.

तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला हवं. पण तिथं बांधतात! चार वर्षांची असताना हातपाय पलंगाला बांधले होते. त्या फाटकासमोरून जायचं मी अजून टाळते.

११ जून

गेलो. लामदुअन म्हणून नवीन सिस्टर आहेत, बोलायला गोड. फायसारख्या मुलांसाठी आता एक कागद भरून घेतात. "ताई, मोकळेपणानं लिहा हं. आधी लेकराला समजून घ्यायचं, मग हात लावायचा, असं ठरलंय आमचं."

कागदावर प्रश्न — दुखलं की मूल काय करतं?

चावते. डोकं आपटते. कधी कधी हसत सुटते. पण असं लिहिलं तर बांधतीलच ना! शिवाय मागे रांग खोळंबलेली, सिस्टरच्या डोक्याला आणखी ताप कशाला? लिहिलं — 'शांत असते. विशेष त्रास नाही.'

डॉक्टर कोवळा पोरगा. कागद वाचला, पोट दाबलं. फाय हसली. "छान! पोट दुखत नाहीये. अशी मुलं कधी कधी हट्टानं जेवत नाहीत." मला ते हसू ठाऊक होतं. तरी हात जोडले. "हो डॉक्टर, फार उपकार झाले."

माझ्या जिभेला काय झालं होतं?

१२ जून

ताप चढलाय. पाय पोटाशी घेऊन पडलीय. आई माझ्यावर ओरडली, "डॉक्टरला कसं बोलू, सिस्टरला कसं सांगू — पोरगी हातची जाईल अशानं!"

उद्या सकाळपर्यंत बघते. भीती वाटते. इथं ठेवायची वाटते, तिथं न्यायची त्याहून जास्त.

१३ जून, सकाळ

हिरवी उलटी झाली. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात आणली. तेच डॉक्टर. "परवा तर दुखत नव्हतं?"

सगळ्यांसमोर सांगितलं. खोटं लिहिलं मी! दुखतं तेव्हाच ती हसते. पाया पडते, पण बांधू नका.

वाटलं, आता झाडतील. पण लामदुअन सिस्टरचेच डोळे भरले. "म्हणजे परवा ती सांगत होती हो ताई." त्यांनी दिवे मंद केले, बाकीच्यांना बाहेर काढलं. भुलीचा मास्क आधी माझ्या तोंडाशी धरून दाखवला, मग तिच्या. माझ्या मांडीवरच झोपली. कुणी बांधलं नाही.

अपेंडिक्स फुटलंय. ऑपरेशनला आत नेलंय.

१३ जून, दुपार

दार अजून बंद. बुद्धदेवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, तिला वाचव.

१४ जून

वाचली! पोटात पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर..."

१६ जून

फायनं दोन चमचे पेज घेतली.

डॉक्टर आले ते पलंगाजवळ खाली जमिनीवरच बसले, तिला भीती वाटू नये म्हणून. सहज विचारलं, "जन्मापासूनच बोलत नाही का ही?"

डॉक्टर म्हणतात म्हणून सवयीनं 'हो' म्हणणार होते.

नाही डॉक्टर. चार वर्षांपर्यंत बोलायची. पाणी मागायची. मला हाक मारायची. इथं बांधलं, त्या दिवशी घसा फुटेपर्यंत मला हाका मारत होती. त्यानंतर एक शब्द नाही. घरी सगळ्यांना सांगितलं, तापात वाचा गेली.

"तुम्हाला बाहेर काढलं होतं का?"

नाही. आतच होते. एकट्या सिस्टरची तारांबळ उडाली होती, मला बघवेना. बांधताना फायचे पाय मीच दाबून धरले होते.