अक्रोड फोडणारं रिव्हॉल्व्हर

माझ्या रुसक्या धाकट्या,

उभा असशील तर आधी बस. आपल्या बापाचं लष्करातलं रिव्हॉल्व्हर सापडलं! जुन्या घराच्या नव्या मालकांनी भिंत फोडली, तर विटांमागे अण्णांच्याच मफलरमध्ये गुंडाळलेलं.

त्यांनी पोलिसांत कळवलं, तिथल्या इन्स्पेक्टरांनी मला फोटो पाठवले. "आजी, हे तुमचंच का? गंजामुळे नंबर वाचता येत नाही."

म्हटलं, गंज नसता तरी मला कुठे वाचता आला असता! नातीला फोटो मोठा करायला लावला. मुठीच्या बुडाचा टवका उडालेला! साहेब म्हणे, लढाईत उडाला असेल. कसली लढाई! अण्णा गोळ्या काढून त्यानं अक्रोड फोडायचे आणि धरायला मी. एकदा नेम चुकला, टवका उडाला आणि माझा अंगठा कायमचा वाकडा झाला. व्हिडिओवर अंगठा दाखवला, तेव्हा साहेब हसले आणि त्यांना पटलं.

शेवटी शेवटी अण्णा सगळंच लपवायचे रे. कवळी पिठाच्या डब्यात सापडली होती, आठवतं? आणि रिव्हॉल्व्हर विकल्याचा आळ तुझ्यावर! तू घर सोडलंस, आता फोनही उचलत नाहीस. मी तेव्हाही दादाला सांगत होते, ज्याला बिस्किटांचा डबा गुपचूप उघडता येत नाही, तो काय रिव्हॉल्व्हर चोरणार! आज दादा फोटो बघून रडला.

नात विचारतेय, पत्र आजच टाकू का? म्हटलं, राहू दे, गाडीची तिकिटं काढ. हे ऐकताना तुझं तोंड मला समोरून बघायचंय. दादाही येतोय, माझी पिशवी उचलायला.

सहीच्या जागी तोच वाकडा अंगठा,
तुझी ताई