रविवारचे जावई आणि मालनची तब्येत

ऊर्जानगर, गुरुवार

प्रिय नथ्थूभाऊ,

तुला तुझ्या एकुलत्या एका भाऊजीचा सप्रेम जयभीम. तिकडे सावली गावात सगळे खुशाल असतीलच. घरातलं सगळं दुखणं एका कोंबडीत भरून, तिचे पाय बांधून, पिशवीत घालून बहिणीच्या घरी पाठवून दिलं, की मागे राहिलेल्यांना व्हायचंच काय! तुझ्या सरिताचा गुडघा कसा आहे? धानाचे रोवणे आटोपले काय? म्हैस दूध बरं देते काय? (हे मी फोनवरच विचारणार होतो. पण कोंबडीचा विषय निघाला की तुझ्या फोनला 'आवाज कटून राह्यला, भाऊजी' हा आजार होतो. म्हणून चिठ्ठी. तुमच्या गावचा आणि आमच्या प्लँटमधला विक्की उद्या तिकडे निघतो आहे, त्याच्या हातून पाठवतो.)

आमची रंजीता आणि जावई प्रणितराव लग्नानंतर पहिल्यांदा येत्या रविवारी जेवायला येत आहेत, हे तुला ठाऊक आहे. पहिल्या पाहुणचाराला गावरान कोंबडीच पाहिजे, ब्रॉयलर घातली तर व्याही जन्मभर बोलून दाखवतील, हे तूच मला समजावलंस. "भाऊजी, तुमी कायचीच काळजी करू नोका. कोंबडी माह्याकडून. दोन हप्ते आधीच पाठवतो, दाणे टाका, आनखी भरते." असं म्हणून तू छाती ठोकलीस, आणि मी आशाला म्हणालो की भाऊ असावा तर असा. ते वाक्य मी या पत्राद्वारे परत घेत आहे.

विक्कीने आणलेली पिशवी उघडली तेव्हा आतल्या बाईंनी मान एका बाजूला टाकली होती. डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिका, आणि चेहऱ्यावर असा भाव की माझं काय ते लवकर आटोपा. आशा म्हणाली, प्रवासानं थकली असेल. सावलीहून चंद्रपूरपर्यंत एसटीने आल्यावर मीही थकतो, पण चहा घेतला की उठून बसतो. ही संध्याकाळपर्यंत उठली नाही. दाणा नाही, पाणी नाही. शेजारची गुलाबबाई पाहायला आली आणि एक नजर टाकून 'मानमोडीची साथ' म्हणून निघूनही गेली. (तिच्या घरच्या कोंबड्या तिने लगेच आत घेतल्या. शेजारधर्म!)

आता आपल्याकडचा नियम असा की कोंबडी मान टाकून बसू लागली म्हणजे मरायच्या आधी कापावी. (माझा दाट संशय आहे की तूही हाच नियम पाळलास, फक्त कापायचं काम भाऊजीवर सोपवलंस.) पण जावयाला आजारी कोंबडी कशी घालायची? उद्या प्रणितरावांना उलट्या झाल्या तर पोरीने सासरी तोंड कसं दाखवायचं? म्हणून आम्ही ठरवलं की आधी कोंबडी बरी करायची, मग रविवारी कापायची. फाशीच्या कैद्याला ताप आला तर सरकार आधी डॉक्टर बोलावतं म्हणतात, तसं.

मी जन्मभर वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. आमच्याकडे कशाचीही कुरकुर सुरू झाली की आधी ते किती तापलं ते पाहतात. त्यासाठी पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, दुरून रोखलं की आकडा दाखवतं. ते मी साहेबांना विचारून घरी आणलं, मालनचा पंख उचलला आणि रोखलं. (मालन हे कोंबडीचं नाव. नाव तुझ्या बहिणीने ठेवलं. मी फक्त सुचवलं होतं.) आकडा आला एक्केचाळीस! बेअरिंग असतं तर मी निवांत चहा प्यायला गेलो असतो. पण माणसाच्या तापाचा हिशेब लावून पाहिला तर एकशे सहाच्या आसपास जातो. लगेच मिठाच्या पाण्याच्या घड्या सुरू केल्या. पंखा पाचवर. दर थोड्या वेळाने पिस्तूल रोखायचं, आकडा पाहायचा, घडी बदलायची. अंग जरा उतरलं की मी आशाला आवाज देऊन सांगायचो, की बघ, विज्ञान! आणि मालन मात्र अंग उतरेल तशी आणखीच मान टाकायची.

मग लच्छूने, म्हणजे माझ्या शिफ्टमधल्या सोबत्याने, सांगितलं की चमचाभर मोहाची पाजा, मेलेली उठून बसते. मी विहारात दरवर्षी व्यसनमुक्तीवर बोलणारा माणूस, हे तू जाणतोस. (तुझ्याकडेच पाहून बोलत असतो.) तरी जीव वाचवायचा म्हणून गेलो, शिशी घेतली, खिशात घातली, आणि वळतो तो समोर विहार समितीचे अश्वजितभाऊ! त्यांनी खिशाकडे पाहिलं. मी म्हणालो, "कोंबडीसाठी नेऊन राह्यलो." अश्वजितभाऊ फार सज्जन. "हो हो, कोंबडीसंग बरी लागते," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. यावर्षी माझं भाषण ठेवलेलं नाही असं कळतं. मालनने त्यातला एक थेंबही घेतला नाही. घरात शीलाचं पालन आता तीच काय ती करते.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणजे दिव्यानी मॅडम, वयाने आपल्या रंजीताएवढ्या. मी त्यांना आकडे सांगितले, घड्या सांगितल्या, पंखा सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, कोंबडीचं अंग तेवढंच गरम असते. तुमीच तिले गारठवून मारून राह्यले." मग मालनच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली, तर दगडासारखी टणक. आत कोरडं धान गच्च अडकलेलं. नथ्थूभाऊ, खरं सांग, निघायच्या आधी तू तिला किती धान चारलंस? भाऊजीने पिशवी उचलली की जड लागावी म्हणूनच ना? अरे, वजन वाढवायला लोक दुधात पाणी घालतात. तू कोंबडीत धान भरलंस आणि पाणी द्यायला विसरलास!

मॅडमनी तेल-पाणी पाजलं, पिशवी हळूहळू चोळायला शिकवली, आणि बजावलं की हिला ऊब द्या, भिजवलेलं मऊ खाऊ घाला, एकटी सोडू नका. ऊब म्हणजे खोक्यात चोवीस तास पेटता बल्ब. आम्ही इथे राज्याला वीज करून देतो, पण पावसाने आमच्याच कॉलनीची लाइन दोनदा गेली. तेव्हा कोणीतरी तिला अंगाशी धरून बसणं भाग होतं. आशाला सैपाक असतो, म्हणून मी बसलो. रजा घेतली. साहेबांना 'घरात आजारपण आहे' एवढंच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी शिफ्टमधली चार माणसं सफरचंदं आणि बिस्किटं घेऊन दारात हजर. मी स्वेटरच्या आत कोंबडी घेऊन बसलेलो. पेशंट कुठे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बटण उघडून दाखवली. सफरचंदं त्यांनी परत नेली नाहीत, पण बिस्किटं तिथेच बसून संपवली.

गेल्या शनिवारी सकाळी मालनने पहिला दाणा उचलला, तोही माझ्या तळहातावरून. मला फार आनंद झाला, तो कशाला लपवू? जावयाच्या जेवणाची चिंता मिटली म्हणून झाला. आता ती घरभर फिरते, खुर्चीवर चढते, आणि मी पेपर उघडला की त्यावर येऊन उभी राहते. तुरा पळसाच्या फुलासारखा लाल झाला आहे. अशी तब्येतदार कोंबडी पंचक्रोशीत दुसरी नसेल. म्हणजे रविवारी कापायला एकदम तयार.

पण इथे नवीच अडचण उभी राहिली आहे, आणि ती म्हणजे तुझी बहीण. बायकांचं मन तू जाणतोसच. एवढी सेवा केली, आता तिच्या मानेवर सुरी कशी ठेवायची, म्हणून डोळ्यांत पाणी आणते. मी पुष्कळ समजावलं, की आशा, व्यवहार पाहा, जावयाचा मान पाहा. ऐकत नाही. मी तर सुरीला धार लावायला निघालोच होतो, पण बायकोचं मन मोडून पुरुषाने करायचं तरी काय? तुझ्या खानदानाचा हळवेपणा मी गेली कित्येक वर्षं सोसतो आहे. हेही सोसतो.

सरिताला जयभीम, पोरांना आशीर्वाद. तुला काय द्यावं ते रविवारनंतर ठरवतो.

तुझा (इलाज नाही म्हणून) भाऊजी,
गुणवंतराव

ता. क. : मुख्य काम राहिलंच. विक्की शनिवारी परत येतो. त्याच्याजवळ दुसरी एक गावरान कोंबडी पाठव. पण कापून, साफ करून, डब्यात घालून. जिवंत पाठवू नको. या घरात जिवंत आलेली कोंबडी कापली जाण्याची शक्यता आता उरलेली नाही. (तुझ्या बहिणीमुळे.)

ता. क. २ : मूठभर तांदळाची कनकी आणि थोडी जवारीही पाठव. इथला दुकानातला दाणा मालन खात नाही.

नथ्थू, मी आशाबाई लिहून राह्यली. विक्कीले द्याले म्हणून चिठ्ठी माह्यापाशी ठेवली, तं मी वाचली. यातलं कोंबडीचं सगळं खरं हाय, माह्यं काईच खरं नाई. माह्या डोयात पानीगिनी आलं नोतं. मंगळवारी मी म्हनलं, बरी झाली, आता रविवारचा मसाला वाटते. तं हे तिले पिशवीत घालून गाडीवर ड्युटीलेच घेऊन गेले. गेटवरच्यानं अंदर जाऊ देल्लं नाई म्हणून वापस आले, अन् तोंड फिरवून डोये पुसत बसले. रंजीता सासरी गेल्यापासून ह्या मानसानं घरात 'चहा दे' अन् 'दार लाव' याच्या पल्याड शबद काढला नोता. आता ड्युटीवरून आले का बूट काढता काढता तिले सांगतात, आज पट्टा फाटला, आज साहेब असा बोलला, आज डब्यात भाजी चांगली होती. मी अंदर पोया करता करता आयकते. मले बी बरं वाटते. तं दुसरी पाठवच, विसरू नोको. पोरगी अन् जावई जेवून सांजच्याले चालले जातीन. मंग घरात आमी दोघंच राह्यतो.