घाना देशाचा गूळ

ईडन प्रेरी, मिनेसोटा
संक्रांत उरकल्यावर, जानेवारी २००७

तीर्थस्वरूप एकनाथ दाजी आणि सौ. आक्का यांच्या चरणी मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खरोखरचा. इथे घरभर जाड गालिचा अंथरलेला असतो, त्यामुळे पालथं पडायला काही वाटत नाही. उठायला मात्र अक्षतला हाक मारावी लागते.) तुमचा गुडघा कसा आहे? आक्काचा खोकला थांबला का? नसेल तर तिला म्हणावं, दुकानातल्या गादीवरची धूळ झटकायला तू जाऊ नकोस, त्यासाठी मोहन आहे. मोहन सकाळी वेळेवर दुकान उघडतो ना? त्याला सांगा, मालक फेब्रुवारीत परत येतायत आणि हंगाम संपायच्या आत गादीवर बसतायत. माझं इथे मन रमत नाही. सगळं आहे, पण ज्या गावात गुळाचा सौदा निघत नाही त्या गावात माझ्यासारख्याने सकाळी उठून करायचं काय?

आपण रविवारी फोनवर बोलतोच, तरी पत्र लिहितोय, कारण फोन स्पीकरवर असतो आणि मी काय बोलू नये हे आमची सौ. नंदा शेजारी बसून डोळ्यांनी सांगत असते. शिवाय संक्रांतीला इथे जे घडलं ते आमचे चिरंजीव तुमच्या संजयला ई-मेलने कळवणार आहेत, आणि अक्षतच्या सांगण्यात बापाविषयीचा आदर किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा खरा प्रकार माझ्याकडून आधी कळलेला बरा.

सुरुवात थंडीपासून करतो. इथली थंडी म्हणजे पन्हाळ्यावर मफलर गुंडाळून फिरायची थंडी नव्हे. बाहेर पाऊल टाकलं की मिशीवर बर्फ धरतो. म्हणून घरात चोवीस तास गरम हवा सोडलेली असते आणि त्या कोरड्या हवेत माणसाचा पापड होतो. नंदाच्या टाचांना अशा भेगा पडल्या की तिचे पायमोजे त्यांत अडकायचे. माझी पाठ दाराच्या चौकटीला घासून चौकटीचा रंग गेला. पण आमचं सोडा, आमची कातडी जुनी आहे. हाल होत होते ते आमच्या नातीचे, रुहीचे. चार वर्षांची पोर, कोपरं आणि गुडघ्यांच्या मागची जागा खाजवून खाजवून लाल करायची. डॉक्टरांचं मलम होतं, ते लावलं की चुरचुरायचं, म्हणून आंघोळीनंतर रोज रडारड.

आणि दाजी, मनातलं सांगतो. रुही माझ्याजवळ येत नव्हती. इतक्या लांब आलो ते त्या पोरीसाठी, आणि ती सोफ्याच्या मागून माझ्याकडे अशी बघायची, जणू मी मीटर वाचायला आलेला माणूस आहे. मी मराठीत बोलावलं की ती इंग्रजीत ‘नो, थँक यू’ म्हणायची. (शिस्त चांगली आहे. नकारसुद्धा आभार मानून देतात.) नंदाच्या मांडीवर ती तिसऱ्या दिवशी जाऊन बसली. माझ्या मिशीचा दोष आहे असं अक्षतचं मत पडलं. मिशी काढायचा विचारही केला होता, तुम्ही आक्काला सांगू नका. मार्केट यार्डात ज्याने नव्या गिऱ्हाइकाला चहा संपायच्या आत आपलंसं केलं, त्याला सख्खी नात हाताला लागू नये, याचं मला फार वाईट वाटत होतं.

आता शेजारणीकडे येतो. दोन घरं सोडून अबेना नावाची बाई राहते. इस्पितळात नर्स आहे, उंचीपुरी, आणि हसली की आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येतं. ती घाना देशाची. नाव ऐकूनच मला आपलेपणा वाटला, आपला सगळा जन्म घाण्यावरच गेला. तिने रुहीची अवस्था पाहिली आणि आमच्या सूनबाईंना, चैत्रालीला, दोन वस्तू आणून दिल्या. तिच्या आईने तिकडून पाठवलेल्या. एक, त्यांच्याकडच्या कुठल्या झाडाच्या बियांतून काढलेलं लोणी, अंगाला लावायचं. त्याला शिया बटर म्हणतात. दुसरा, राखेपासून केलेला काळा साबण. ही देवाणघेवाण माझ्या दुपारच्या झोपेत झाली आणि मला कोणीही काही सांगितलं नाही. माझ्या बचावाचा हा मुख्य मुद्दा आहे, तो लक्षात ठेवावा.

दुसरा मुद्दा माझ्या साखरेचा. इथे आल्यापासून सासू-सुना एक झाल्यात. गोड पदार्थ माझ्या नजरेपासून लपवतात. बिस्किटांचा डबा मी इस्त्रीच्या कपाटात शोधून काढला होता. तेव्हा संक्रांतीच्या दिवशी दोघी रुहीला घेऊन दुकानात गेल्या, अक्षत ऑफिसला गेला, आणि मी सहज म्हणून (खरंच सहज) स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं कपाट उघडलं, तर मला काय वाटावं? खाकी कागदात गुंडाळलेली ढेप! काळसर, मऊ, अंगाला किंचित ओल सुटलेली. शेजारी लोण्याचा डबा, त्यावर गाईचं चित्र. उघडून पाहिलं तर आत पिवळसर, घट्ट, घरगुती लोणी. (श्रीखंडाच्या डब्यात आक्का मोहरी ठेवते हे मी जन्मभर पाहत आलोय. पण ही रीत घानापर्यंत गेली असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?) साबण दमट न्हाणीघरात पाझरतो म्हणून तो कोरड्या जागी ठेवला होता, हे मागाहून कळलं. पण दाजी, गूळही पाझरतोच की!

तुम्ही म्हणाल, एवढा पारखी तू, जीभ का लावली नाहीस? अहो, साखर निघाल्यापासून मी गूळ जिभेला न लावता पारखतो, आणि यार्डात त्याचं कौतुक तुम्हीच सगळ्यांना सांगता. वास म्हणाल तर सर्दीने नाक बंद. राहता राहिला अंगठा. अंगठ्याने दाबून पाहिलं, तुकडा मोडला, उजेडात धरला. रंग काळा, म्हणजे रसायन न घातलेला. कण भुसभुशीत, म्हणजे पाक थोडा आधी उतरवलेला. चवीला किंचित खारट निघेल, नदीकाठच्या मळीच्या जमिनीतला ऊस असणार, असा मी निकाल दिला. (खारट निघाला. एवढं तरी मान्य करा.)

आणि मला वाटलं, आज संक्रांत. आपण आपल्या हाताने तिळगूळ करावा, रुहीच्या हातावर ठेवावा. हातावर गोड ठेवल्यावर पोर जवळ येणार नाही असं होईल का?

आधी लोणी कढवलं. बेरी निघेना. म्हटलं, अमेरिकेतल्या गाई स्वच्छ असतील. खाली उतरवून गार करत ठेवलं तर सावकाश असं सुरेख रवाळ झालं की नंदाच्या हातून जन्मात झालं नसेल. मग अर्धी ढेप फोडून पातेल्यात घातली, थोडं पाणी घातलं, गॅस लावला. पातेल्याला फेस आला. गुऱ्हाळावर वाढलेला माणूस फेसाला भितो होय? रस उकळला की मळी वर येणारच. मी ती झाऱ्याने काढून सिंकमध्ये टाकली. पुन्हा आली. पुन्हा काढली. ती मळी हटेचना, उलट वाढायला लागली. तेव्हा मी आपला खानदानी उपाय केला. गुऱ्हाळात मळी धरायला आपण काय घालतो? भेंडीचं पाणी. इथे रानभेंडी कुठली मिळायला? पण फ्रीजरमध्ये चैत्रालीने कापलेल्या भेंडीची पिशवी ठेवली होती. ती सगळी पाण्यात चुरगाळून, गाळून, तो चिकट रस पातेल्यात ओतला.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. फेस पातेल्यातून ओट्यावर आला, ओट्यावरून खाली आला, आणि सिंकमध्ये आधी टाकलेला फेसही नळ सोडल्याबरोबर वर येऊन त्याला मिळाला. पाक झाला का ते पाहायला थेंब पाण्यात टाकला, तर गोळी व्हायची सोडून पाणीच पांढरं झालं. याचा दोष मी इथल्या नळाच्या पाण्याला दिला. पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं आपल्या रक्तात नाही. आटवत गेलो, भाजलेले तीळ घातले, ते रवाळ तूप घातलं, हाताला तूप लावून लाडू वळले. वळले हो! चकचकीत, काळेभोर. ओटा पुसला, तर इतका स्वच्छ निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. तिथे तरी शंका यायला हवी होती.

संध्याकाळी सगळी जमल्यावर मी चांदीच्या वाटीतून तिळगूळ आणला. नंदाच्या कपाळाला आठी, की याला गूळ सापडला कुठे. चैत्राली बिचारी अजून बूट काढत होती. मी खाली वाकून रुहीपुढे वाटी धरली. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं आणि म्हणाली, “यू ईट फर्स्ट.” पोरगी व्यापारी होणार, मालाची खात्री आधी करून घेते. नातीने पहिल्यांदा काही मागितलं होतं, तिथे साखरेचा विचार कोण करतो? मी अख्खा लाडू तोंडात टाकला.

दाजी, त्या चवीचं वर्णन करत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. थुंकावं तर सणाचा दिवस, गिळावं तर गिळवत नाही. अशा वेळी माणूस जे तोंडात येईल ते बोलतो. मी म्हटलं, “गोड गोड बोला,” आणि ‘बोला’ म्हणताना ओठांमधून एक फुगा निघाला. चांगला लिंबाएवढा. तो माझ्या मिशीवर क्षणभर बसला आणि फुटला.

रुहीची पापणी लवली नाही. मग “अगेन!” म्हणून ओरडली आणि माझ्या गळ्यात येऊन पडली. मी पुन्हा बोला म्हटलं, पुन्हा फुगा. ती हसून हसून माझ्या मांडीवर लोळत होती, अक्षत कॅमेरा शोधत होता, नंदा देवापुढून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, आणि मी, तोंडात घाना देशाचा साबण घेऊन, इतका खूश होतो की चूळ भरायला उठलो नाही.

पण चैत्राली? ती रिकामा डबा हातात घेऊन उभी होती. “बाबा, हे अबेनाच्या आईनं घरी बनवलेलं होतं. दुकानातलं रुहीला चालत नाही,” एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. जे पोरीला लागू पडलं असतं ते मी लाडवांत घातलं होतं. माझा चेहरा पडला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तूप वाटीत आणि चार लाडू डब्यात घेऊन मी बर्फातून अबेनाकडे गेलो, माफी मागायला. सोबत दुभाषी म्हणून चैत्राली. सगळी हकिकत ऐकून ती बाई जिन्याच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग वाटीत बोट घालून म्हणाली की बिघडलेलं काही नाही, वितळवून हळू गार केलं की हे लोणी रवाळ होतं, तिची आई त्यालाच नावं ठेवते. (बघा, आपल्याकडे ज्याचं कौतुक ते तिकडे खोट ठरतं. सून म्हणून जायचं झालं तर मुलीने घाना टाळावा.) तळहातावर घासायचं, रवा विरघळला की ओल्या अंगाला लावायचं, असं तिने करून दाखवलं. आणि घरातला दुसरा डबा काढून दिला. लाडू तिने ठेवून घेतले. संध्याकाळी तिचा फोन आला, टाचा घासायला असा साबण घानातही मिळत नाही, तीळ घालायची युक्ती कोणाची? ते ऐकून उरलेले लाडू नंदाने ताब्यात घेतले. तिच्या पायमोज्यांत आता काही अडकत नाही.

आणि रुही? रोज आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून डबा घेऊन माझ्याकडे येते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हे लोणी चुरचुरत नाही, कोपरांचा लालपणा पुष्कळ उतरलाय, रात्री झोपते. पहिल्या दिवशी मी डब्याला ‘शी बटर’ म्हटलं, तर नंदाने शी म्हणजे काय ते तिला सांगितलं. तिला कळलेला हा पहिला मराठी विनोद. आता ती जिन्यावरून ओरडत येते, “आजोबा, शी!” पाहुणे असले तरी.

असो. पत्र लांबलं. सगळ्यांना घरोघरी नमस्कार सांगावा आणि आक्काने तळलेलं काही खाऊ नये.

आपला,
मोरेश्वर

ता. क. यार्डात यातलं कोणाला कळता कामा नये. अंगठ्याची अब्रू आहे. मोहनला तर मुळीच नको.

ता. क. २. वर फेब्रुवारीत येतो असं लिहिलंय ते खोडणार होतो, पण पान खराब दिसेल. तिकीट पुढे ढकललंय. इथली थंडी एप्रिलपर्यंत हटत नाही म्हणतात, आणि काल चैत्राली आपणहून म्हणाली, “बाबा, थांबा ना, रुहीला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही.” तेव्हा हा हंगाम गादीवर तुम्हीच बसा. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. मला कोणी एवढ्या आग्रहाने थांबवून घेतल्याचं आठवत नाही, दाजी.

ता. क. ३. शेवटी ‘आशीर्वाद असावा’ असं लिहायचं राहिलं असं नाही. लिहिताना मोठ्याने म्हटलं, तर रुही “आ-शी-र्वाद!” करून लोळायला लागली आणि लोण्याचा हात पत्रावर टेकला. खालचा तेलकट डाग तिचाच आहे. तिथेच आशीर्वाद द्यावा.