‘मृदुकाय’चे पहिले पान

प्रथम चूक-दुरुस्ती.

मी दोन वर्षांपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात ‘माझ्यामागे हे त्रैमासिक बंद करावे’ असे एक वाक्य आहे. ते वाक्य, आणि त्याच्याबरोबर ते सगळे मृत्युपत्रच, रद्द समजावे. यापुढे जे लिहिले आहे तेच खरे.

वकीलसाहेबांचे म्हणणे, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. आधी माणूस कोण, काय, शुद्धीवर आहे की नाही ते यावे. मी म्हटले, आमच्याकडे दुरुस्ती पहिल्या पानावर असते, बाकी सगळे मागाहून. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘चालू द्या.’’

तर आता रीतीप्रमाणे. मी, वय सत्तावन्न, घरोघरी विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून मुदतीआधी निवृत्त झालेला, गोगलगाय अभ्यास मंडळाचा संस्थापक-चिटणीस आणि मंडळाच्या ‘मृदुकाय’ या त्रैमासिकाचा संपादक, व्यवस्थापक, मुद्रितशोधक व पत्ते चिकटवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. हृदयाचे काय ते डॉक्टर बघून घेतील. डोके ठिकाणावर आहे, हे माझी बायकोसुद्धा कबूल करील. हवे तर तिला वेगळे बोलावून विचारावे.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सर्व सामान पत्नीला. समोरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाचा उल्लेख वेगळा करतो. ह्या टेबलावर आम्ही दोघांनी ‘मृदुकाय’च्या प्रत्येक अंकाला वेष्टन घातले. ती घड्या घालायची, मी खळ लावायचो. तिच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ यायच्या, हे इथे लेखी देतो, कारण तोंडी कधी दिले नाही. ‘‘हे टेबल माझं कधी होणार?’’ असे ती लग्न झाल्यापासून विचारत आली आहे. झाले. त्यावर तिने शिवणयंत्र ठेवावे, नाहीतर काहीच न ठेवता नुसते रिकामे बघत बसावे.

कलम २. सूक्ष्मदर्शक मुलीला. तो मी जुन्या बाजारातून आणला होता आणि त्याचा स्क्रू मीच घासून बसवला आहे. उजवीकडे फिरवताना किंचित अडतो, तिथे जोर लावू नये. मुलगी लहानपणी म्हणायची, ‘‘बाबा, तुमची खरी लेक ती. मी मधेच आलेली.’’ ती म्हणजे ‘मृदुकाय’. वयाने ते हिच्यापेक्षा मोठे आहे हे खरे. पण तापात रात्ररात्र उशाशी बसलो ते हिच्या. अंकाला ताप यायचा तेव्हा मी छापखान्यावर ओरडून मोकळा व्हायचो. एवढा फरक तिने लक्षात ठेवावा.

कलम ३. शंखांचा संग्रह, डब्या-कपाटांसकट, मंडळाला. अट एकच: प्रत्येक डबीत शंखाखाली चिठ्ठी आहे, कुठे सापडला, कोणाला सापडला, जमीन ओली होती की कोरडी. शंख आणि चिठ्ठी यांची ताटातूट करू नये. चिठ्ठी गेली की शंख म्हणजे नुसता खडा. साफसफाईच्या नावाखाली ज्याने डब्या एकत्र ओतल्या त्याचे सभासदत्व त्या क्षणी संपले असे समजावे.

हा संग्रह नोकरीने दिला. मीटर कुठे असतो? जिन्याखाली, अंगणाच्या ओल्या कोपऱ्यात, नळाशेजारी. जिथे घरातले कोणी जात नाही, तिथे मला दर महिन्याला जावे लागे, आणि माझ्याआधी तिथे गोगलगाय गेलेली असे. लोक विचारत, ‘‘काय हो, एवढा वेळ काय वाचताय? बिल जास्त आलंय का?’’ मी सांगायचो, ‘‘बिल तेवढंच आहे. भाडेकरू वाढलाय.’’ पुस्तके मागून मागून, शब्दकोश मांडीवर घेऊन मी हे शास्त्र शिकलो. शिकवायला कोणी नव्हते. त्याचा मला अभिमान आहे आणि मरताना तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

कलम ४. सभेची पितळी घंटा, जी वक्त्याची वेळ संपली की मी वाजवत असे, ती मंडळाचे विद्यमान अध्यक्ष, व्यवसायाने दंतवैद्य, यांना. ती वाजली असता ते एकदाही थांबलेले नाहीत. आता ती त्यांच्या हातात राहील, म्हणजे वाजवणाऱ्याला तरी ऐकू येईल.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

‘मृदुकाय’ हे नाव सरकारदरबारी माझ्या नावावर आहे. पहिला अंक निघाला तेव्हा मंडळाचीच नोंदणी झालेली नव्हती आणि अर्जावर मालक म्हणून कोणातरी माणसाचे नाव लागत होते. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. पुढे ते बदलायचे राहून गेले. म्हणून घराइतकेच हे नावही माझ्या मालकीचे आहे आणि त्याची व्यवस्था मलाच लावली पाहिजे.

ती आत्ताच का, तेही सांगतो. गेल्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला की ‘मृदुकाय’ एका मोठ्या प्रकाशनाच्या नियतकालिकात विलीन करावे. ‘‘मीटरवाले,’’ ते मला म्हणाले, ‘‘जग कुठे चाललंय आणि आपण तिकिटं चाटत बसलोय. तुमचाही ताप वाचेल.’’

‘‘आणि पहिलं पान?’’ मी विचारले.

‘‘त्यांच्याकडे तसलं पान नसतं. अहो, पहिल्याच पानावर स्वतःच्या चुका कोण छापतं? मी दात काढल्यावर पेशंटला सांगत बसतो का, की शेजारचा निघाला म्हणून?’’

सगळे हसले. मीही हसलो, विनोद चांगला होता. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. अडले ते फक्त माझ्या सहीपाशी. मी काही न लिहिता गेलो तर नाव वारसाने पत्नीकडे जाईल, आणि दुखवट्याच्या दिवसांत कोणीतरी गोड बोलून तिची सही घेऊन जाईल. म्हणून हे कलम.

ते पहिले पान कसे आले हे आता मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. आमचा पहिला अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर मी स्वतः काढलेले गोगलगायीचे चित्र होते. छापखान्याच्या मागच्या खोलीत, शाईच्या वासात, आम्ही सातआठ जण अंक हातात घेऊन लग्नघरातल्यासारखे मिरवत होतो. एवढ्यात दारात एक कॉलेजातली मुलगी उभी राहिली. हातात अंक.

‘‘संपादक कोण?’’

‘‘मी,’’ मी म्हटले. ताठच म्हटले.

‘‘तुमची गोगलगाय डावखुरी आहे, की तुमचा छापखाना?’’

छापखान्याचे काका टायपाचे खिळे जुळवता जुळवता थांबले. मी अंक हिसकावून घेतला. शंखाचे टोक वर धरले की त्या जातीच्या गोगलगायीचे तोंड उजव्या हाताला येते. हजारो बघितल्या तर एखादी उलटी निघते. माझ्या चित्रात तोंड उजवीकडेच होते. छपाईसाठी चित्राचा ब्लॉक करणाऱ्याने निगेटिव्ह उलटी धरली होती आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीवर गोगलगाय डावीकडे तोंड करून निवांत बसली होती.

काका म्हणाले, ‘‘होतं असं. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर बारीक टायपात दोन ओळी टाकू. सगळे तसंच करतात.’’

मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे चूक मुखपृष्ठावर आणि माफी मळपृष्ठावर?’’

दुसऱ्या अंकाचे पहिले पान दुरुस्तीचे निघाले. तिथून आजपर्यंत प्रत्येक अंकाचे तसेच निघाले. चूक नसेल तर ‘मागील अंकातील चूक अद्याप सापडलेली नाही’ असे छापायचे, आणि ‘अद्याप’ हा शब्द गाळायचा नाही. लांबलांबचे लोक, ज्यांना आपण कधी भेटणार नाही, आपल्या अंकावर विसंबतात ते ह्या पानामुळे, असे माझे मत आहे.

ती मुलगी पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागली. मंडळात तिला सगळे ‘बाई’ म्हणतात, मीही म्हणतो. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी अंक काढले. दुपारी ती प्रुफे घेऊन यायची, टेबलाच्या त्या टोकाला ती, ह्या टोकाला मी, आणि मधे बायकोने ठेवलेला चहा गार होत असायचा. भांडलो नाही असा अंक आठवत नाही. बहुतेक वेळा बरोबर ती असायची. वर्णन माझे चुकायचे, स्वल्पविराम तिचे. ‘‘इतकं तणतणत काम करता, मग करता कशाला?’’ असे बायको विचारायची, तेव्हा आम्ही दोघे एकदमच म्हणायचो, ‘‘कोण तणतणतंय?’’ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी त्या.

मग बाईंनी एका छोट्या शंखावर लेख दिला. शंख कोणा सहकाऱ्याकडून मिळालेला, कुठे सापडला त्याची नोंद नव्हती. मी लेख परत केला. वर एकच शब्द लिहिला: ‘ठिकाण?’

त्या ह्याच खोलीत येऊन उभ्या राहिल्या. ‘‘मला? तुम्ही मला ठिकाण विचारता? तुमच्या मीटरच्या पावतीवर पत्ता असतो म्हणून साऱ्या जगाला पत्ता हवा का?’’

‘‘जगाला नको. ‘मृदुकाय’ला हवा,’’ मी म्हटले.

त्यांनी संपादक मंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर आमचे बोलणे नाही. ह्याच रागात ते दोन वर्षांपूर्वीचे वाक्य लिहिले गेले होते. पण अंक निघाला की आठवड्याच्या आत बाईंचे पोस्टकार्ड येते. वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘आपली’ नाही. पान अमुक, ओळ तमुक, असे नव्हे तसे. बाकीचे सभासद अंक चाळतात, जपून ठेवतात, काही जण वेष्टनही फोडत नाहीत. वाचते ती एकटी.

म्हणून ‘मृदुकाय’ हे नाव, त्याचे सर्व हक्क, शिल्लक अंक, पत्त्यांची कार्डे, आणि उलट्या गोगलगायीचा तो पहिला ब्लॉक, जो मी मोडीत दिला नाही, हे सर्व माझ्या पश्चात बाईंना मिळावे. त्यांनी ते चालवावे की मिटवावे हे त्यांनी ठरवावे. विलीन मात्र करू नये. चालवले तर पहिले पान ठेवावे. एवढीच विनंती, तिला अट म्हणू नये, अट घातली की त्या मुद्दाम मोडतील.

कलम ६. माझ्या निधनाचे वृत्त पहिल्या पानावर घेऊ नये, ते पान दुरुस्तीचे आहे. ‘मंडळ-वृत्त’ ह्या सदरात, वर्गणीच्या सूचनेखाली, चार ओळींत द्यावे. ‘पोकळी’, ‘अपरिमित’ आणि ‘ऋषितुल्य’ हे शब्द वापरू नयेत. फोटो छापलाच तर भांग कुठल्या बाजूला आहे ते मूळ फोटोशी ताडून बघावे.

कलम ७. हे सर्व पार पाडण्याचे काम वकीलसाहेबांकडे.

सह्यांपूर्वीची नोंद. हे लिहून झाल्यावर वकीलसाहेबांनी विचारले, ‘‘बाई हे घेणार आहेत का? विचारलंत?’’ विचारले नव्हते. आमचे बोलणे नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगितले. तेव्हा बायकोने माझ्या हातून कागद काढून घेतले, चपला घातल्या आणि गेली. संध्याकाळी परतली.

‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘बसा म्हणाल्या. पाणी दिलं. मग लाल पेन्सिल शोधायला लागल्या.’’

‘‘आणि?’’

‘‘वाचताना दोनदा हसल्या. कुठे ते मी विचारलं नाही. मग बराच वेळ पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या, तेही का ते विचारलं नाही.’’

बाईंच्या दुरुस्त्या खालीलप्रमाणे. जशाच्या तशा नोंदवत आहे.

कलम ५: काका त्या वेळी खिळे जुळवत नव्हते, चहा पीत होते. (काकांना विचारले. त्यांना आठवत नाही. दोन्ही पाठ ठेवले आहेत.)

कलम ५: स्वल्पविराम माझे चुकत नसत.

कलम ५: ‘माझ्या पश्चात’ हे शब्द काढावेत. ‘मृदुकाय’ घेते, पहिल्या पानासकट. पण सोबतचा लेख तपासून झाल्याशिवाय घेणार नाही.

वकीलसाहेब म्हणतात, ते दोन शब्द काढले तर हे मृत्युपत्रच राहत नाही. म्हणून शब्द ठेवले आहेत आणि दुरुस्ती नोंदवली आहे.

सोबत पाकीट होते. त्यावर ‘संपादक, मृदुकाय’. आत तोच छोट्या शंखावरचा लेख, नव्याने लिहिलेला. शीर्षकाखालची ओळ अशी: ‘ठिकाण: कॉलेजच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, ओल्या भिंतीवर. स्वतः गोळा केले.’

लेख बरोबर घेऊन हॉस्पिटलात जात आहे. आकृती दोन मला उलटी वाटते. गुरुवारनंतर बघतो.

सही: (मंडळात ‘मीटरवाले’)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही, सह्या केल्या:
१. छापखान्याचे काका. (चहाबद्दल मी काहीही सांगू इच्छित नाही.)
२. शेजारचे घड्याळजी.

ठिकाण: राहते घर, समोरची खोली, मोठे टेबल, हल्ली मालकी पत्नीची, तिच्या परवानगीने.
दिनांक: सोमवार, ११ मार्च २०१९.