कावळ्याला दिलेला शब्द

५ डिसेंबर २००४, रविवार

कावळा शिवला! सकाळपासून पंचगंगेच्या घाटावर उभे होतो. शालनचा दहावा. समोरच्या झाडावर कावळे भरपूर, पण पिंडाकडे एकही फिरकेना. वरदनं हात जोडले — ‘आई, बाबांना सांभाळीन.’ नाही. अंतरा म्हणाली, ‘तुझी सगळी व्रतं मी करीन.’ तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. पायाला चटके बसत होते, बाकी काही वाटत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कुरुंदवाडचा भाऊसो, माझा चुलतभाऊ, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला — ‘वैनी, आण्णा पन्हाळ्यावर घर घेत्यात की! आता तरी घ्या!’ आणि लगेच, ‘शिवला! शिवला!’

डोळे उघडले तर कावळा उडून चाललेला. सगळे रडले. मी नाही.

६ डिसेंबर

म्हणजे आता पन्हाळ्यावर घर घ्यायचं. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडत नसतात — जो येतो तो हेच सांगतो. उभा जन्म शिवाजी पेठेत भाड्यानं काढला. फंड एकदाच मिळाला, घरही एकदाच होणार. चुकलं तर चुकलं!

वरदचा पुण्याहून फोन. ‘फ्लॅटच घ्या बाबा. आई म्हणायची, झाडून झाडून कंबर मोडली.’ मग अंतराचा सांगलीहून. ‘घरच घ्या. आई म्हणायची, दारात अंगण पाहिजे.’

मला काय म्हणायची? ‘चहा निवला.’

८ डिसेंबर

शेजारून आलेला डबा तसाच परत पाठवला. भूक नाही.

१२ डिसेंबर, रविवार

अंतराबरोबर पन्हाळ्याला. यष्टीत ती बोलत होती, मी खिडकीबाहेर बघत होतो. घर बसकं, कौलारू, पुढं अंगण, कोपऱ्यात पेरूचं झाड. मालक मुंबईला. किल्ली राखणदारीण धोंडुबाईकडे. ती तिथंच मागं राहते, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना झुणका-भाकर करून घालते. आवाज असा की खालच्या गावात ऐकू जावा.

‘पावणं, बाईंना न्हाई आणलं व्हय? सैपाकघर बाईमाणसानं बघाय पायजे.’

अंतरा अंगणात होती. मी म्हणालो, ‘गावाला गेल्यात.’

का म्हणालो? सहज निघून गेलं. ‘मग फुडल्या खेपंला आणा,’ म्हणाली. मी मान डोलावली.

घर कसं आहे? आहे बरं. अंतराला फार आवडलं.

१९ डिसेंबर, रविवार

वरदबरोबर फ्लॅट. नवी बिल्डिंग, दुसरा मजला. दाखवणारा पोरगा बोलायचा थांबेना — बोअरचं पाणी, पार्किंग, गॅलरीतून दरी. दरी धुक्यात होती, म्हणजे पांढरा पडदा बघून आलो. वरद म्हणाला, ‘कुलूप लावलं की झालं.’ खरं आहे. कुलूप लावून जायचं कुठं, ते विचारलं नाही.

कसा वाटला? बरा. दोन्ही बरं! मला कशाची निवड करायला सांगितली की शालन म्हणायची, ‘ह्यांना विचारू नका, ह्यांचं सगळं बरंच असतं.’

२३ डिसेंबर

दोघे भाऊबहीण फोनवर भांडले. अंतरा रडली. ‘बाबा, आईला काय हवं होतं ते तुम्हीच सांगा.’ मला ठाऊक असतं तर! शब्द पाळायचा आणि तोही चुकीचा पाळला तर? ती तिथं वरही कपाळाला हात लावून बसेल.

२ जानेवारी २००५, रविवार

भाऊसो आला. काकवीचा डबा ठेवला, पाणी प्याला, उगाच कपाटाकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘आण्णा, रागवायचं न्हाई. त्यो कावळा घरासाठी न्हवता आला.’

‘मग?’

‘ऊन चढलं हुतं. तुमी पडशीला आसं वाटाय लागलं. तुमी डोळं मिटल्यावर म्या पिंडावर शेव टाकली. खिशात हुती. दोघा पोरांचं घरावनं भांडान लागलंय म्हणून कळलं, तवा म्हटलं सांगून टाकावं.’

‘अरे, मग पन्हाळ्याचं कशाला बोललास?’

‘नुसतीच शेव टाकून कसं चालंल! कायतरी बोलाय नगं व्हय? लोक बघत हुती की!’

मी हसलो. केवढ्यानं हसलो! शालनला फरसाणातली शेव तेवढी वेचून खायची सवय. हे तिला सांगायला मी स्वयंपाकघराकडे वळलोसुद्धा, ‘अगं ऐकलंस का’ म्हणालो, आणि आत कोणी नव्हतं. ओट्याला धरून रडलो. भाऊसो दारात उभा राहून ‘आण्णा, चुकलं माझं, आण्णा’ करत राहिला. त्याचं कुठं चुकलं!

३ जानेवारी

शब्द नाही, वचन नाही. कुठलंच घर घ्यायला नको. मुलांना कळवलं.

९ जानेवारी, रविवार

एकटाच पन्हाळ्याला गेलो. कौलारू घराचा इसार देऊन टाकतो म्हणून धोंडुबाईला सांगितलं. कोणी सांगितलं म्हणून नाही. मला ते हवं आहे.

‘बाई आल्या न्हाईत आजबी?’

‘बाई वारल्या,’ म्हणालो. हे शब्द तोंडातून आज पहिल्यांदा निघाले.

तिनं परात ओढली. ‘भाकरी किती थापू?’

‘दोन,’ म्हणालो. भूक लागली होती.