कार्बनमुक्त बैलगाडीबद्दल दगडोबामामांना

धाराशिव, ऐन उन्हाळा

ती. दगडोबामामांना भाचा योगीराजचा दंडवत. द्वारकामामीच्या गुडघ्याला उतार पडला का? सास्तूरला पाणी कसं आहे? इथं नळाला येतं, पण हजेरी लावून गेल्यासारखं. बाकी आम्ही मजेत आहोत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं).

तुमचे सरदार आणि वजीर, दोन्ही बैल सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो. आता काय झालं ते ऐका. आमच्या कुलगुरूंनी मागं एका मोठ्या परिषदेत हात वर करून जाहीर केलं, की आमचं विद्यापीठ लवकरच कार्बनमुक्त होणार. हात त्यांनी वर केला, तो खाली आला माझ्या डोक्यावर. इथल्या उपकेंद्रात भूगोल शिकवणारा मी एकटाच, म्हणून संचालिका शुभांगी मॅडमनी मला हरित समन्वयक केलं. वीज आणि डिझेल कुठं जळतं ते शोधायचं नि कमी करायचं. शोधायला काय लागतंय? मॅडमच्या केबिनमधला एसी, लाईट गेली की चालणारं जनरेटर आणि पोरांच्या मोटारसायकली. एसीला हात लावायचा नव्हता. जनरेटर एसीसाठीच होतं. उरल्या मोटारसायकली. त्यांना दर गुरुवारी बंदी घातली, तर गुरुवारी पोरंच येईनात. पंखे बंद, दिवे बंद. मॅडम लई खूश. म्हणाल्या, "सर, आकडा कसला खाली आला बघा!" (गुरुवारी आम्ही खरंच कार्बनमुक्त असतो. विद्यामुक्तही.)

मग तपासणी समिती यायची ठरली. पाहुण्यांना एसटी स्टँडावरून बैलगाडीनं आणायचं ही कल्पना मॅडमची, आणि मामांकडं जोडी आहे हे बोलून बसलो तो मी. तुम्ही भल्या मनानं दिलीत. एवढ्या लांबून उन्हात चालवत कशी आणायची, म्हणून गाडीसकट टेम्पोत घातली. टेम्पोचा धूर कुणाच्या नावावर टाकू, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "तो सास्तूरचा."

समितीचे अध्यक्ष गुलाबी फेटा बांधून गाडीत बसले. कासरा माझ्या हातात. भर चौकात सरदार खाली बसला. चुचकारलं, पेंड दाखवली (शेपटीला हात लावला न्हाई, तुमची ताकीद होती). ढिम्म. मागं एसटी, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांची इंजिनं चालू आणि हात हॉर्नवर. एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "ओ मास्तर, बैल उठवा, न्हाईतर शाळेत घाला!" अध्यक्ष धुरातून शांतपणे म्हणाले, "रवंथ करताना बैल मिथेन सोडतो. कार्बनपेक्षा जहाल. माहीत असेलच तुम्हाला." मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू रवंथ मीच करत होतो. शेवटी अध्यक्ष एका पोराच्या मोटारसायकलवर बसून गेले. वार गुरुवार.

मी तिथंच राहिलो. हॉटेलातून बादलीभर पाणी मागून आणलं, सरदारच्या अंगावर ओतलं. त्याची जीभ बाहेर आली होती. मामा, तो अडून बसला नव्हता, त्याला ऊन सोसलं नव्हतं. माझं हसूच गेलं. हवा बदललीय हे मी रोज वर्गात शिकवतो, आणि ते खरं आहे. खरं आहे म्हणूनच या तमाशानं जास्त दमायला होतं. बऱ्याच वेळानं तो उठला, तेव्हा गाडी तिथंच सोडून मी दोघांना सावली-सावलीनं चालवत नेलं.

निकाल लागला. 'परंपरेतून हरित वाहतूक' म्हणून समितीनं आमची पाठ थोपटली. आता मॅडमना जोडी कायमची हवी आहे. पुढच्या महिन्यात कुलगुरू येणार, त्यांनाही गाडीत बसायचंय. भर दुपारी.

मामीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचाच थकलेला भाचा,
योगीराज

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की मॅडमना न्हाई म्हणायची माझी छाती होत न्हाई. तुम्ही मला फोन करा आणि मशागतीला बैल पायजेत म्हणून मोठ्यानं ओरडा. मला शिव्या घातल्या तरी चालतील. फोन मी स्पीकरवर ठेवीन.

आणखी एक. तुमची मशागत ट्रॅक्टरनं कधीच उरकली, हे मामीकडून कळलं. ओरडताना तेवढं बोलू नका.