दीड मीटर आत

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. निकाल लागला. तुझा फोन दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा तुझ्या आईने उचलला आणि मी मुद्दाम न्हाणीघरात जाऊन बसलो. फोनवर मी 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो' यापलीकडे जात नाही हे तुला ठाऊक आहे, आणि जे सांगायचंय ते या तीन शब्दांत मावणारं नाही. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं आणि लिहायला बसलो. एवढं आधीच सांगून टाकतो की मला शिक्षा झाली आहे आणि मी अगदी मजेत आहे. गेल्या दोन महिन्यांत झोपलो नव्हतो तसा काल दुपारी झोपलो. आईला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. दोनदा येऊन तिने माझा श्वास चालू आहे ना ते बघितलं.

पेपरात तू वाचलंच असशील, पण पेपरवाल्यांनी अर्धं सांगितलं आणि त्यातलंही निम्मं चुकीचं. 'क्लबने प्रतिस्पर्ध्यांना चुना लावला' असा मथळा एकाने दिला. आम्ही फुटबॉलच्या मैदानावर चुना वापरणं सोडून पंधरा वर्षं झाली, आता रंग असतो, पण ते कोण विचारतं! झालं ते एवढंच की पाहुण्या संघाचे दोन्ही विंगर कडेकडेने वाऱ्यासारखे पळणारे, आणि आमच्या बचावफळीतले दोघे बिचारे आता पळण्यापेक्षा चालण्याच्या वयाचे. तेव्हा कोच मला म्हणाले, काका, दोन्ही बाजूंच्या रेघा दीड-दीड मीटर आत घ्या, मैदान अरुंद झालं की त्यांची हवा निघेल. नियम असा की मोसमाच्या सुरुवातीला क्लबने लीगला मैदानाची जी रुंदी लिहून दिली, ती शेवटच्या सामन्यापर्यंत तीच राहिली पाहिजे. हे कोचना माहीत होतं. मला तर त्यांच्याहून जास्त माहीत होतं, कारण तो आकडा दरवर्षी मीच मोजून देतो.

तरी मी घेतल्या आत. दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, जुन्या रेघांवर हिरवा रंग मारला, कोपऱ्यातले झेंडे सरकवले. पेनल्टीची चौकट गोलच्या खांबांपासून मोजतात, तिला हात लावावा लागत नाही, त्यामुळे सगळं जिथल्या तिथे दिसतं. पंच येतात, जाळी ओढून बघतात आणि माझ्या गवताची तारीफ करून जातात. अरुंद होतो तो फक्त चौकटीच्या बाहेरचा कडेचा पट्टा. सापडलो कसा, तर त्यांच्या फिजिओमुळे. तो माणूस वीस वर्षं जखमी खेळाडूकडे पिशवी घेऊन धावतोय आणि धावताना पावलं मोजायची त्याला सवय आहे. आमच्या मैदानावर या काठापासून त्या काठापर्यंत पंच्याऐंशी पावलं. त्या दिवशी एक्क्याऐंशीतच पोहोचला. सामना संपल्यावर त्याने पंचांकडे टेप मागितली, आणि मी लांबूनच ओळखलं की आपलं बिंग फुटलं.

का केलं असं तू विचारशील. नोकरीची भीती होती असं सांगितलं तर लोक माफ करतात, पण ती तितकीशी नव्हती. खरं कारण सांगायला लाज वाटते. सव्वीस वर्षांत सामना जिंकायचा कसा हे कुणी मला कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडे लोक येतात ते चिखल कुठे आहे हे सांगायला. त्या दिवशी कोच माझ्या खोलीत आले, माझ्याच डुगडुगत्या स्टुलावर बसले, कागदावर चित्र काढलं आणि म्हणाले, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. मी हुरळलो. या वयात, भिंगरी! आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुमची एवढीच किंमत होती हे मला आधी कळतं तर मीच रोज दोन शब्द कौतुकाचे बोलले असते.

मग दोन महिने शिक्षेचा काथ्याकूट. इतके न्यायाधीश आपल्या गल्लीत राहतात याची मला कल्पना नव्हती. केस कापणाऱ्याने माझ्या मानेवर वस्तरा ठेवून सांगितलं की असल्या लोकांना जन्मभर मैदानात पाऊल ठेवू देऊ नये, आणि मग त्याला आठवलं की मान कुणाची आहे. शेजारचे शिंपी म्हणाले, सगळेच करतात, पेनल्टी मिळवायला गडी न लागता कोसळतात त्यांना काय, पिवळं कार्ड? मग काकांनाही पिवळं कार्ड द्या. तुझ्या आईचा न्याय वेगळाच. तिचं म्हणणं, क्लबला वर्षभर त्याच अरुंद मैदानावर खेळायला लावा आणि समोरच्यांना रुंद द्या. एकाच सामन्यात हे कसं करायचं असं मी विचारलं, तर म्हणाली की मैदान तुम्ही आखता, मी नाही.

सुनावणी लीगच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि पलीकडे तिघे. मधे निवृत्त न्यायाधीश बाई, एका बाजूला एक जुने गोलकीपर, बोटं सगळी वाकडी झालेली, आणि दुसरीकडे एक म्हातारे पंच, ज्यांना मी तरुणपणापासून ओळखतो आणि ज्यांना माझी ओळख दाखवायची नव्हती. मला वाटलं होतं की आपल्याला आत बोलावून, झापून बाहेर काढतील. पण त्यांनी आमच्यासमोरच वाद घातला, आणि तो ऐकण्यासारखा होता. पंच म्हणाले, क्लबचे बारा गुण कापा, खालच्या गटात जाऊ द्या, तरच बाकीचे धडा घेतील. गोलकीपर भडकले. म्हणाले, ज्या पोरांना रेघ सरकल्याचं माहीतच नव्हतं त्यांनी वर्षभर घाम गाळून मिळवलेले गुण तुम्ही कुणाच्या पापासाठी कापताय? बाईंनी विचारलं की मग समोरच्या पोरांचं काय, त्यांच्या हातून जो सामना गेला तो कोण परत देणार?

मग आमच्या क्लबचे वकील उठले. त्यांनी माझी अशी काही कीव केली की मलाच माझी दया यायला लागली. साधा मैदानकामगार, सांगेल ते करणारा, हुकमाचा ताबेदार, याला काय कळतंय! तिघांनाही ते पटलं. मला ताकीद देऊन सोडायचं असं जवळपास ठरलं, लिहिणाऱ्याने लिहायला पेनही टेकवलं. भिंगरी, तेव्हा मला जी भीती वाटली ती शिक्षेची नव्हती. मी असाच सुटणार, हात झटकून घरी जाणार, आणि एक गोष्ट जन्मभर पोटात तशीच राहणार, ही भीती होती. मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, मला सगळं कळतं. दोरी माझ्या हातात होती. आणि असं मी याआधीही एकदा केलं आहे, ते तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मीच सांगतो. वकिलांनी माझा सदरा मागून इतका ओढला की बटण तुटलं.

त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेलो, तारखेसकट. बाईंनी मधे मला पाणी प्यायला लावलं. तासाभराने निकाल दिला. कोचना दोन वर्षं बंदी. क्लबचे सहा गुण कापले, आणि तो सामना पुन्हा खेळायचा, त्यांच्या मैदानावर. पुढे दर सामन्याआधी पंचांनी टेप लावून रुंदी मोजायची. आणि मला एक वर्ष कुठल्याही व्यावसायिक मैदानावर काम करायला मनाई. गोलकीपर मला जिन्यात भेटले, म्हणाले, तुम्ही गप्प बसला असतात तर ताकिदीवर सुटला असतात. मी म्हणालो, हो ना. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. येताना बस सोडून घरापर्यंत चालत आलो, आणि शीळ घालत आलो असं आई सांगते.

आता ते दुसरं, जे तिथे सांगितलं. अडीच वर्षांपूर्वीचा शनिवार आठव. तू पाहुण्या क्लबकडून आमच्या मैदानावर खेळायला आली होतीस आणि राष्ट्रीय निवडसमितीच्या बाई वर गॅलरीत वही घेऊन बसल्या होत्या. पुरुषांचा सामना दुसऱ्या दिवशी, रविवारी होता. कोचनी तेव्हा पहिल्यांदा हे मागितलं होतं, स्टुलावर बसून चित्र काढलं ते खरं तेव्हाच, आणि रेघा मी शुक्रवारीच आत घेऊन ठेवल्या होत्या. तुझा सामना त्याच रेघांवर झाला. तुला एक फोन केला असता तर पुरलं असतं, तो मी केला नाही. स्वतःला समजावत राहिलो की बावीस जणी त्याच मैदानावर खेळणार आहेत, सगळ्यांना सारखंच. पण सारखं नव्हतं. बाकीच्या मुली रेघेकडे बघून खेळत होत्या. तू बघत नव्हतीस, कारण शाळा सुटल्यावर रोज माझं काम संपेपर्यंत त्याच कडेच्या पट्ट्यात पळून तू लहानाची मोठी झालीस आणि ते मैदान तुला पायांनी पाठ होतं. चेंडू बाहेर जात राहिला, लाइन्समनचा झेंडा वर जात राहिला, आणि मध्यंतराला तुला बाहेर बसवलं. संध्याकाळी तू मला विचारलंस, बाबा, माझा अंदाज गेला का? आणि मी म्हणालो, थकली असशील, विश्रांती घे. त्यानंतर तू रेघेपासून लांब, घाबरत खेळायला लागलीस, आणि मोसम संपता संपता खेळ सोडून शाळेत नोकरी धरलीस. ती नोकरी तू छान करतेस. पण तू खेळ सोडलास तो स्वतःत खोट आहे असं समजून, आणि ती खोट माझी होती. हे पत्र त्यासाठी लिहिलं. गेल्या आठवड्यात क्लबच्या कार्यालयात बसून त्या सामन्याचं चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्या गवत कापायच्या यंत्राचा एक पट्टा पाऊण मीटरचा असतो, ते पट्टे चित्रणात स्वच्छ दिसतात. म्हणजे खोट्या रेघेच्या बाहेर दोन पट्टे संपेपर्यंत खरं मैदान होतं. दर वेळी झेंडा वर गेला त्या क्षणी चेंडू कुठे होता ते मी चित्र थांबवून मोजलं. एक पहिल्या पट्ट्यात, एक दुसऱ्याच्या अगदी कडेला, असं करत शेवटपर्यंत गेलो, आणि चुकू नये म्हणून दुसऱ्या दिवशी परत मोजलं. माझ्यावर रागव, बोलू नकोस, तुला हवं ते कर, त्याला मी तयार आहे. पण एवढं माझ्याकडून ऐक, मैदानाची मापं मला कळतात. तू नऊ चेंडू बाहेर घालवलेस असं सगळ्यांनी लिहिलं होतं, बाळा. नऊच्या नऊ आत होते.

तुझाच, आता वर्षभर घरीच सापडणारा,
बाबा